वाहाकाचे पितृपर्व

सर्वपित्री अमावास्या संपली की दुसऱ्याच दिवशी आपल्या घरी घट बसतात. काल ज्या ओसरीवर दर्भ आणि तीळ होते, तेथेच आज झेंडूची तोरणे लागतात. पितरांचे स्मरण आणि देवीचा उत्सव यांच्यामध्ये आपल्या पूर्वजांनी एका रात्रीची का होईना, पण भिंत घातली आहे. पृथ्वीच्या पाठीवर एक देश असा आहे की जेथे ही भिंतच नाही. तेथे पितरांचे स्मरण हाच शरदातील मोठा उत्सव, आणि अश्रू व हास्य ही त्या दिवशी एकाच पंक्तीला बसतात. तो देश म्हणजे मेक्सिको.

हे पर्व पाहण्यासाठी आम्ही दक्षिणेकडील वाहाका ह्या नगराची निवड केली. राजधानीपासून हे नगर मोटारीने सहासात तासांच्या वाटेवर, सुमारे पाच हजार फूट उंचीच्या खोऱ्यात वसलेले आहे. सभोवार डोंगर, आणि त्यांतील एकाच्या माथ्यावर मोंते आल्बान ह्या प्राचीन नगरीचे अवशेष. झापोतेक लोकांनी ती नगरी उभारली. ते आपल्या मृतांस राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत, म्हणजे खाली आजोबा आणि वर नातवंडे असा तो संसार होता. त्यांची भाषा बोलणारे लोक आजही ह्या खोऱ्यात राहतात. तेव्हा पितरांशी इतकी सलगी तेथे कोठून आली, हे निराळे सांगावयास नको.

ऑक्टोबरच्या अखेरीस येथील बाजारात पाऊल ठेवावे तो मराठी मनुष्य क्षणभर दसऱ्याच्या बाजारात आल्यासारखा चकित होतो. जिकडे तिकडे झेंडूच झेंडू! आणि नवल असे की झेंडू हा मूळचा येथलाच. सोळाव्या शतकात सागरी मार्ग खुले झाल्यावर तो आपल्याकडे आला आणि आपल्या देवांच्या गळ्यात जाऊन बसला. येथे त्याला सेंपासूचिल म्हणतात. जुन्या नाव्हात्ल भाषेत त्याचा अर्थ ‘वीस फुले’, अर्थात पुष्कळ पाकळ्यांचे फूल. आपल्या श्राद्धात उग्र वासाची फुले वर्ज्य. माका आणि पांढरी फुले चालतात. येथे मात्र त्या उग्र वासाचेच महत्त्व. मृतांस आपल्या घराची वाट ह्या वासाने सापडते अशी श्रद्धा असल्यामुळे दारापासून घरातील वेदीपर्यंत पाकळ्यांची पायवाट घालतात.

ह्या वेदीस ओफ्रेंदा म्हणतात. मेजावर शुभ्र वस्त्र, त्यावर उसाच्या दांड्यांची फुलांनी मढविलेली कमान, आणि कमानीखाली गेलेल्या माणसांच्या तसबिरी. लांबच्या प्रवासाने आलेल्यास तहान लागते म्हणून पाण्याचा पेला. शेजारी मीठ, मेणबत्त्या, आणि आपल्या उदाची आठवण करून देणारा कोपाल नावाच्या राळेचा धूप. येथल्या पावावर कणकेचा रंगविलेला छोटासा मुखवटा बसविलेला असतो. मिरच्या, मसाले व कोको यांचे काळसर ‘मोले’ हे कालवण घरोघर शिजते. परंतु वेदीचा खरा प्राण ह्या ठराविक वस्तूंत नाही. जो गेला त्याला काय आवडत होते ते तेथे असलेच पाहिजे. कोणासाठी विडीकाडी, कोणासाठी मद्याचा पेला, लहान मुलांसाठी खेळणी. मुलांचे आत्मे आधी येतात, त्यांचा मान १ नोव्हेंबरला; मोठ्यांचा २ नोव्हेंबरला.

३१ ऑक्टोबरच्या रात्री आम्ही जवळच्या होहोकोत्लान गावच्या दफनभूमीत गेलो. स्मशान म्हणताच आपल्या अंगावर काटा उभा राहतो. येथे शेकडो मेणबत्त्यांच्या उजेडात कुटुंबेच्या कुटुंबे थडग्यांभोवती बसलेली. कोणी हलक्या हाताने माती सारखी करीत होते, कोणी गिटार छेडीत होते, तान्ही मुले शालीत झोपली होती. एका थडग्यापाशी दोघी प्रौढ बहिणींचा वाद चालला होता. आमच्या वाटाड्याने त्याचा अर्थ सांगितला, तो असा: वडिलांस चॉकोलेट पाण्यात उकळलेले आवडे की दुधात? एक म्हणे पाण्यात, दुसरी म्हणे दुधात. शेजारी दहाबारा वर्षांचा एक मुलगा एकाग्रतेने ऐकत होता. ज्या आजोबांस त्याने बहुधा पाहिलेही नसेल, ते त्या वादातून त्याच्यापुढे सजीव होत होते.

दुसऱ्या रात्रीचा रंग अगदी निराळा. सान आगुस्तीन एत्ला येथे घुंगरे आणि आरसे शिवलेले जड पोशाख घालून सोंगांची मिरवणूक निघते, ती थेट उजाडेपर्यंत वाद्यांच्या गजरात चालते. सांगाडे, सैतान, वैद्य, पाद्री, आणि रडण्याचे सोंग करणारी विधवा असा सारा परिवार! कोकणातील शिमग्याचा संकासुर ज्याने पाहिला आहे, त्याला येथे परके वाटणार नाही. मृत्यूची अशी थट्टा ह्या लोकांच्या हाडीमासी खिळली आहे. होसे ग्वादालूपे पोसादा (१८५२–१९१३) ह्या चित्रकाराने उंची टोपी घातलेल्या सांगाड्याचे चित्र कोरले आणि सर्व डामडौलाचा शेवट कशात आहे ते दाखविले. दिएगो रिव्हेरा याने १९४७ साली आपल्या भित्तिचित्रात तिलाच पूर्ण पोशाख चढवून मध्यभागी उभे केले, आणि आज हीच ‘कात्रीना’ ह्या पर्वाची जणू यजमानीण झाली आहे.

१५२१ साली स्पॅनिश सत्ता आली, तिच्याबरोबर ख्रिस्ती धर्म आला, आणि त्या धर्मातील संतांच्या व मृतांच्या दिवसांत जुन्या चाली मिसळून गेल्या. त्या मिश्रणात कोणाचा वाटा किती, यावर पंडितांचा वाद आहे. २००८ साली युनेस्कोने ह्या परंपरेस मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. पुढे २०१५ च्या एका इंग्रजी बोलपटात राजधानीतील सांगाड्यांची भव्य मिरवणूक दाखविली गेली. तशी मिरवणूक तेथे कधी निघतच नव्हती. परंतु २०१६ पासून ती खरोखरीच निघू लागली! प्रवाशांची गर्दी आता इतकी होते की काही दफनभूमींत शोक करणाऱ्यांपेक्षा छायाचित्रे घेणारेच अधिक दिसतात. सोंगांच्या मिरवणुकीत खुशाल नाचावे. ती सर्वांचीच आहे. थडग्यापाशी मात्र आपण दुसऱ्याच्या श्राद्धास अनाहूत आलो आहोत हे स्मरावे, यंत्र पिशवीत ठेवावे, आणि कोणी बोलाविले तरच बसावे.

परतताना मनात तुलना येणे अपरिहार्य होते. आपला विधी शुष्क आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिथीच्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ आपणही वाढतोच. पिंडास कावळा शिवेना, म्हणजे त्यांची कोणती इच्छा राहिली होती हे आठवू लागणारी माणसे आपलीच. परंतु हे सारे ज्यांना आपण पाहिले त्यांच्यापुरते. संकल्पात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे येतात. पैकी तिसऱ्याचे नाव पुष्कळ घरांत गुरुजी विचारतात तेव्हा जुनी वही उघडून सांगावे लागते. माता, पितामही, प्रपितामही यांची तर याहून उपेक्षा. पणजीचे माहेरचे नाव काय होते, तिला गोड आवडे की तिखट, ती कोणत्या ओव्या म्हणत असे, हे आपल्यापैकी कितीजणांस सांगता येईल? गोत्र आपण जपले. माणूस हातचा निसटला.

ह्यास उपाय म्हणून कोणाचे अनुकरण करावयास नको. एकत्र कुटुंबात जुन्या आठवणी सांगणारे कोणी तरी अजून ओसरीवर बसलेले असते. पुढच्या महालयापूर्वी मुलांनी त्यांच्याभोवती बसावे आणि त्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन ओळी लिहून घ्याव्यात: काय आवडे, कशाचा राग येई, कशाने हसू येई. दोघां वडीलधाऱ्यांचे एकमत न झाले तर उत्तमच. दोन्ही मते लिहून ठेवावीत. सांगणारे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.