मुठीतली ढिलाई

कोल्हापूर
रविवार

चि. सोनू,

तुझा निरोप मिळाला. फोनवरही सांगता आलं असतं, पण हे गाडीशेजारी बसून, हातात पाना घेऊन वाचायचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

कुंभार्ली घाट चढताना वळणात रेस दिली की आधी काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम उडी घेते, असं तू लिहिलंस. ते वाचून निम्मं दुखणं तिथंच कळलं. सर्व्हिसिंगवाल्यानं ‘इंजेक्शनच्या गाडीचं असंच असतं, हात बसेल’ असं सांगून तुला परत पाठवलं, याचा मात्र राग आला. गाडी ढिली असेल तर हात बसणार कशावर? चुकीच्या गाडीवर बसलेला हात पुढे मोडायला फार त्रास होतो. त्यामुळे आधी गाडी बघू, मग हात.

इंजिन बंद ठेव. उजवी मूठ दोन बोटांत धरून अगदी हळू फिरव. सुरुवातीला ती नुसतीच फिरते, बोटांना काही ओढ लागत नाही. मग एका जागी स्प्रिंगचा ताण जाणवतो. ताण लागेपर्यंतचं जे रिकामं फिरणं, तो प्ले. मुठीच्या आतल्या कडेवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर पांढऱ्या पेनानं समोरासमोर एकेक रेघ मार आणि ताण लागेपर्यंत दोन रेघांत किती अंतर पडतं ते पट्टीनं मोज. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात हे अंतर २ ते ६ मिलिमीटरच्या दरम्यान दिलेलं असतं. तुझ्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच धर. घाटात फिरणारीनं त्यातला खालचा आकडा पकडावा, हे माझं मत.

आकडा वाचून वाटेल, मिलिमीटरनं काय होतंय? मुठीचा व्यास साधारण ३३ मिलिमीटर, म्हणजे घेर १०४ च्या आसपास. पूर्ण रेस द्यायला मूठ जेमतेम पाव फेरा फिरते, म्हणजे सगळा मिळून २६ मिलिमीटरचा खेळ. त्यातले १० ढिलाईत गेले तर एक तृतीयांशाहून जास्त फिरणं फुकट गेलं. त्यात बंद रेसवरून उघडतानाचा पहिला थोडासा भागच सगळ्यात तिखट असतो. थ्रॉटलमधली चकती बंद असताना किंचित तिरकी झाली, तरी कमी वेगात इंजिनाला हवा एकदम कितीतरी जास्त मिळते.

आता वळणात काय होतं ते बघ. तू रेस सोडून आत शिरतेस. बाहेर पडताना मूठ फिरवतेस, पण इंजिन गप्प. म्हणून मनगट आणखी जोरानं फिरतं. रिकामी जागा संपते तेव्हा हात आधीच वेगात असतो, आणि त्याच वेगात तो त्या तिखट भागात घुसतो. तुला रेस द्यायची होती चिमूटभर, दिली गेली मूठभर. ताशी २० किलोमीटरच्या वेगात पाव सेकंद चाचपडण्यात गेला, तरी गाडी जवळजवळ १.४ मीटर पुढे गेलेली असते. घाटातल्या वळणात तेवढ्यात रस्त्याची कड जवळ येते.

दुरुस्ती अवघड नाही. मुठीतून निघणाऱ्या केबलवरचं रबराचं टोपण मागे सरकव. खाली दातेरी अ‍ॅडजस्टर आणि त्याला टेकलेला चेकनट दिसेल. अशी केबल बाउडन या गृहस्थानं १८९६ साली पेटंट केली, आणि तिची गंमत तेव्हापासून तीच आहे: आत पोलादी तारांचा पीळ, बाहेर आवरण. आवरणाची लांबी वाढली की आतली तार आपोआप ताणली जाते. अ‍ॅडजस्टर बाहेर काढला की नेमकं हेच होतं. चेकनट सैल कर, अ‍ॅडजस्टर अर्धा फेरा बाहेर फिरव, मूठ फिरवून बघ, पुन्हा मोज. घाई करू नकोस. हवा तो आकडा आला की अ‍ॅडजस्टर बोटांनी धरून ठेव आणि चेकनट आवळ, नाहीतर आवळताना तो परत फिरतो.

तुझ्या गाडीला दोन केबली आहेत, एक रेस उघडणारी आणि एक ओढून बंद करणारी. दोन्हींचे अ‍ॅडजस्टर आधी सैल सोड. मग मूठ पूर्ण बंद ठेवून बंद करणाऱ्या केबलचा ढिलेपणा काढ. उघडणाऱ्या केबलचा प्ले सगळ्यात शेवटी लाव. उलट क्रमानं गेलीस तर दोन्ही एकमेकींना ओढत बसतील. मुठीजवळचा अ‍ॅडजस्टर जवळजवळ संपला असेल तर तो आणखी बाहेर ओढू नकोस, मोजकेच आटे उरले की तो मोडतो. इंजिनाच्या बाजूला दुसरा मोठा अ‍ॅडजस्टर असतो, तिथून घ्यायचं. तिथेही जागा उरली नसेल तर केबल बदलायची वेळ झाली.

आणि प्ले शून्य करायचा नाही. हे मी तुला बजावून सांगतोय. हँडल वळलं की केबलही वाकते. तिला थोडी सूट नसेल तर हँडलच तिला ओढतं आणि तू मुठीला हात न लावता रेस वाढते. यू टर्न घेताना, पार्किंगमधून गाडी काढताना, किंवा घाटातल्या अगदी अरुंद वळणावर, नेमकं नको त्या वेळी. शिवाय मूठ सोडल्यावर थ्रॉटल पूर्ण बंदही होत नाही. म्हणून काम झालं की गाडी उघड्यावर सुरू कर, गरम होऊ दे, न्यूट्रलमध्ये हँडल डावीकडे पूर्ण आणि उजवीकडे पूर्ण वळव. इंजिनाचा आवाज तसूभरही चढता कामा नये. मग दोन्ही टोकांना आणि मधे, रेस थोडी देऊन मूठ सोड. ती खटकन बंद व्हायला हवी. रेंगाळली तर केबल कुठेतरी दबते आहे, आत गंजली आहे, किंवा रबरी मूठ स्विचच्या डबीला घासते आहे.

तुझ्या चिपळूणच्या पावसात गंजाची शक्यता मी फार धरतो. केबलचं मुठीकडचं टोक सोडव आणि टोकाच्या मण्याजवळ तार नीट बघ. एक जरी धागा तुटून उभा राहिला असेल तर तेलपाणी करत बसू नकोस, नवी केबल टाक. तुटलेला धागा आवरणात अडकला तर रेस उघडी राहू शकते. केबलची किंमत घाटातल्या जिवापुढे काहीच नाही.

कोणीतरी आयडलिंग वाढवून हिसका लपवायचा सल्ला देईल. ऐकू नकोस. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल थांबवणारा तो स्क्रू कंपनीत लावून दिलेला असतो, त्याला हातही लावू नये. तू पाठवलेल्या व्हिडिओतली ‘क्विक थ्रॉटल’सुद्धा तुझ्या कामाची नाही. तिनं कमी फिरण्यात जास्त रेस मिळते, ती शर्यतीच्या ट्रॅकवर शोभते. घाटात तुला नेमकं उलट हवंय, जास्त फिरण्यात थोडी थोडी रेस. तुझ्या मैत्रिणीच्या चाकणमध्ये बनलेल्या ३९० ड्यूकला मात्र केबलची ही दुरुस्ती करता येणार नाही. २०१७ पासून त्या मॉडेलला मुठीपासून थ्रॉटलपर्यंत केबलच नाही, तिथे सेन्सर आणि मोटर आहे.

मुठीनंतर चेन बघ. रेस सोडलेली असताना मागचं चाक इंजिनाला ओढतं, तेव्हा चेनची खालची बाजू ताणलेली असते. रेस दिली की इंजिन चाकाला ओढतं, आणि ताण वरच्या बाजूला जातो. या अदलाबदलीत चेनमधली सगळी ढिलाई एका झटक्यात भरून निघते, तो झटका तुला सीटमध्ये जाणवतो. पुस्तकात दिलेला ढिलेपणा, बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर, तेवढाच ठेव. त्याहून घट्ट चेनही वाईट, ती बेअरिंग खाते. मागच्या चाकाच्या हबमध्ये रबरं असतात, ती चेपली असतील तरी असाच झटका बसतो. चेन नीट असून मागचं स्प्रॉकेट धरून पुढे-मागे हलवल्यावर चाक थांबलेलं आणि स्प्रॉकेट बरंच हलतंय असं दिसलं, तर मिस्त्रीला ती रबरं उघडून बघायला सांग.

आता हात. मूठ पूर्ण पंजात कोंबू नकोस, किंचित तिरकी धर. कोपर सैल, मनगट खाली. अंगठा किंवा तर्जनी स्विचच्या डबीला टेकवून ठेवलीस तर खड्ड्यात हात उडाला तरी रेस उडत नाही. वेग वळणाआधी कमी कर, गिअर वळणाआधी पाड. आणि वळणात शिरताना मूठ पूर्ण बंद करू नकोस. प्ले संपून ताण जिथे लागतो त्याच्या किंचित पुढे हात थांबव, रेस जराशी उघडी राहू दे. वेग जास्त वाटला तर मागचा ब्रेक हलका दाब, मूठ तशीच ठेव. त्यामुळे चेन वरच्या बाजूनं ताणलेलीच राहते, आणि बाहेर पडताना तुला नव्यानं सुरुवात करावी लागत नाही. कीथ कोडनं १९८३ साली ‘अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ नावाचं पुस्तक लिहिलं. मनगटाचा पीळ हेच त्या पुस्तकाचं नाव. शर्यतीच्या चालकांना शिकवणाऱ्यालाही शीर्षकात ठेवण्यासारखी गोष्ट तीच वाटली.

ताण लागतो ती जागा हाताला पाठ व्हायला हवी. रात्री गाडी लावल्यावर इंजिन बंद ठेवून डोळे मिटून मूठ फिरव आणि नेमकी ती जागा शोध. आधी हातमोजे न घालता, मग घालून. जाड मोज्यात ती जागा वेगळी लागते.

कराडला शनिवारी निघणार आहेस असं ताईनं सांगितलं. त्याआधी गाडी सुरू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितल्याशिवाय निघू नकोस. आवाज किंचित जरी चढला तर गाडी तिथेच ठेव, एसटीनं जा, आणि मला फोन कर.

तुझा,
मामा