उबवणं, निववणं

मे महिन्यात उजनी धरणाची पातळी वजा झाली की सोलापुरात दुसरा विषय नसतो. नळ कधी आला होता, आता कधी येणार, टाकीत किती उरलंय. धरणाच्या 63 टीएमसी मृतसाठ्यालाही हात लागला की माझ्याही पोटात गोळा येतो. हंडे-कळशा मीही भरून ठेवते. पण नेमक्या त्याच दिवसांत माझे पाय करमाळ्याकडच्या फुगवट्याकडे ओढ घेतात. पाणी उतरतं तेव्हाच तिथली बेटं उघडी पडतात, आणि त्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात.

सुरय म्हणजे कुरवांच्या, समुद्रपक्ष्यांच्या कुळातलं पाखरू. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी. याचा एक भाऊबंद उत्तर ध्रुवाच्या परिसरात घरटं करतो आणि तिथला उन्हाळा सरला की थेट दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रावर जातो. आमचा सुरय कुठं जात नाही. सोलापूरचं ऊन तो इथंच काढतो.

मागच्या मे महिन्यात अशाच एका बेटावर उतरले. होडीवाल्या काकांनी वल्हं आडवं धरलं. “ताई, खाली बघून पाय टाका. खडा म्हणून अंडं तुडवाल.”

खाली मला खडेच दिसत होते. भेगाळलेला गाळ, शिंपल्यांचे तुकडे, गुराच्या खुराचा वाळलेला ठसा. त्या ठशातच तीन अंडी होती. मातकट, वर तपकिरी शिंतोडे. काडी नाही, गवत नाही. मी मागं सरते तोवर सुरय किंचाळत डोक्यावर झेपावला. आम्ही लगेच होडीत बसलो, लांब गेलो आणि मी दुर्बीण लावली.

ऊन बेचाळीसच्या पुढं. पक्षी परतला, अंड्यांवर आला, पण बसला नाही. पंख जरा सैल सोडून, चोच उघडी टाकून धापा टाकत, अंड्यांवर सावली धरून उभा राहिला. थोड्या वेळानं जोडीदार आला तसा हा पाण्याकडे गेला. मला वाटलं, मासा धरणार. त्यानं फक्त पोट पाण्याला टेकवलं, पुन्हा टेकवलं, आणि निथळत माघारी आला. पोटाची ओली पिसं अंड्यांवर टेकली. अर्ध्या तासात दोघांनी मिळून सात खेपा केल्या.

उबवणं या शब्दातच ऊब आहे. उत्तरेकडे तो शब्द शोभतो. तिथं आयडर बदकाची मादी स्वतःच्या छातीची लव उपसून अंड्यांभोवती गादी करते आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ उपाशी बसून राहते. आमच्याकडे हिप्परग्याच्या तलावावर दिसणारं हळदी-कुंकू बदकही पावसाळ्यात काठच्या गवतात घरटं करून लवच अंथरतं. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके. नाव ठेवणाऱ्यानं किती मायेनं ठेवलंय! याच सोलापुरात जन्मलेल्या आणि इथंच 2025 च्या जूनमध्ये निवर्तलेल्या मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोशा’त पाखरांची अशी नावं जपून ठेवली. मे महिन्यातल्या या सुरयच्या कामाला मात्र मला एकच शब्द सुचतो: निववणं.

हिवाळाभर याच गाळावर तुरुतुरु धावणारा मुठीएवढा टिलवा तोवर सैबेरियाच्या टुंड्राकडे गेलेला असतो. तिथं सूर्य मावळत नाही, आणि तोही जमिनीवरच्या खळग्यातच अंडी घालतो. त्याची अंडी गारठ्यापासून जपायची, सुरयची उन्हापासून.

पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं. मग कुत्री येतात, शेळ्या येतात, गाळपेरीला ट्रॅक्टर येतो. गाळपेर करणाऱ्यावर मला रागावता येत नाही. 1980 मध्ये धरण पुरं झालं आणि भीमाकाठची गावंच्या गावं, पळसदेवचं जुनं देऊळसुद्धा, पाण्याखाली गेली. पाणी हटल्यावर कुणी दोन महिने कलिंगड लावलं तर ते लावणारच. पण अंड्यांभोवती चार काठ्या रोवून तेवढा तुकडा महिनाभर सोडता येतो. त्या बेटावर काकांनी काठ्या रोवल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

जूनच्या शेवटी सोलापूर कोरडंच होतं, पण वर पुण्याकडे पाऊस लागला होता आणि दौंडहून उजनीत येणाऱ्या विसर्गाचे आकडे पेपरात येऊ लागले होते. आमच्या गल्लीत सगळ्यांचे चेहरे उजळले. मी मात्र काकांना फोन लावला.

“पाणी यायलंय ताई,” ते म्हणाले. “खुराची जागा बुडली काल. दोन पोरं उडाली, मी बघितली.”

“आणि तिसरं?”

“सकाळधरनं बघायलोय,” काका म्हणाले. मागं वल्ह्याचा आवाज येत होता.