छतावरची वीज आणि बहिणींच्या सह्या

गेल्या वर्षी गावच्या घरावर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं होतं की अडचण आली तर पैशांची येईल. उन्हाळ्यात स्लॅब इतका तापतो की रात्री दहाला सुद्धा वर अनवाणी उभं राहवत नाही. अम्मी आणि धाकट्या भावाचं कुटुंब त्या घरात राहतं. दोन कूलर, फ्रिज, पाण्याची मोटार. मे महिन्याचं बिल भावाने मला व्हॉट्सॲपवर पाठवलं, खाली काही न लिहिता.

योजना म्हणजे पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये अनुदान. अटी वाचायला साध्या आहेत. घर आणि छत स्वतःचं हवं, घरगुती वीजजोडणी हवी, सोलरसाठी आधी दुसरं अनुदान घेतलेलं नसावं. प्लेटा आणि त्यांतले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत, आणि त्या नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच बसवायच्या. काम झालं की तपासणी, मग नेट मीटर, मग बँक खात्याचा तपशील, आणि सगळ्यात शेवटी पैसे.

म्हणजे खर्च आधी, अनुदान मागाहून. त्यासाठी तारणाशिवाय कर्ज मिळतं, पण अम्मी व्याजाचा पैसा घरात येऊ देत नाही आणि या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी भिशी उचलली, भावाने दुकानाच्या मालातून हात आखडता घेतला. सगळ्यांना हे जमत नाही. आपल्या मोहल्ल्यांतली कित्येक घरं पात्र असूनही या दोन-तीन महिन्यांच्या फरकापायी मागे राहत असणार. जमातीच्या बैतुलमालमधून एवढ्यापुरती बिनव्याजी रक्कम फिरती ठेवता आली तर बघा. अनुदान आलं की ती परत येते, बुडायचा धोका तसा कमी.

खरी गोष्ट वीज कार्यालयाच्या खिडकीवर सुरू झाली. तिथल्या बाईंनी बिल बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

"वडील."

"कुठे आहेत?"

अब्बांचा इंतकाल २०१३ मध्ये झाला. तेव्हापासून त्यांच्या नावाचं बिल दर महिन्याला येत होतं आणि आम्ही ते भरत होतो. घरपट्टीही त्यांच्याच नावावर. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बिलावर त्यांचं नाव दिसलं की बरं वाटायचं. पण अनुदान मयताला देता येत नाही. मीटर आधी अम्मीच्या नावावर करायचं ठरलं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची ना हरकत.

त्यात नावांचा घोळ. मीटरवरचं, आधारवरचं आणि बँकेतलं नाव एक हवं. अम्मीच्या आधारवर नावापुढे 'बी' आहे, पासबुकात 'बेगम', रेशनकार्डावर नुसतंच नाव. अब्बांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'शेख' सुरुवातीला, घरपट्टीत शेवटी. आपल्याकडे हे घरोघरी आहे. मुलाच्या शाळेत मास्तरांनी जे ऐकलं ते लिहिलं, बँकेत कारकुनाने त्याला सुचलं ते स्पेलिंग केलं. दुसऱ्या कुणाला हा दोन खेपांचा त्रास वाटेल. पण 'नाव जुळत नाही' हे शब्द खिडकीपलीकडून ऐकले की माझ्या पोटात वेगळंच काहीतरी होतं. २०१९-२० च्या हिवाळ्यात एनआरसीच्या धास्तीने आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं पत्र्याच्या पेट्या उघडून बसली होती, ते मी पाहिलं आहे. त्या बाईंनी मात्र शांतपणे सांगितलं, "आधारप्रमाणे बँकेत करून घ्या, सोपं पडेल." तसं केलं. तीन आठवडे लागले.

मग प्रतिज्ञापत्र. सोलरवाल्याच्या ओळखीचा एक मुलगा हे सगळं करून द्यायचा. त्याने मला सल्ला दिला, "सर, आई आणि तुम्ही दोघं भाऊ, तीनच नावं टाका. बहिणी बाहेरगावी, त्यांच्या सह्या, त्यांचे आधार, कशाला? कोण बघतंय?" भाऊ म्हणाला, "सब ऐसाच करते."

हे लिहायला मला सोपं जात नाही. मी तीन नावांचं प्रतिज्ञापत्र टाईप करायला सांगितलं.

इस्लामने मुलीला वारसाहक्क चौदाशे वर्षांपूर्वी दिला, हे मी कार्यक्रमांतून किती वेळा बोललो असेन. सूरह निसामधलं हिश्शांचं गणित मला पाठ आहे. आमच्याच घराचं मांडायचं तर अब्बांच्या मालमत्तेचे अठ्ठेचाळीस भाग करा. अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे सहा. आम्हा दोघा भावांचे चौदा-चौदा, दोघी बहिणींचे सात-सात. बेरीज बरोबर येते. अकरा वर्षांत हे गणित मी कागदावर एकदाही केलं नव्हतं. बहिणींनी मागितलं नाही, आम्ही काढलं नाही. त्यांच्या न मागण्याला आम्ही त्यांची खुशी समजत आलो. आजूबाजूच्या हिंदू घरांतही कायदा वेगळा असला तरी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची रीत हीच, त्यामुळे लाज वाटायला कुणी शेजारीही नव्हतं.

कागद सहीसाठी अम्मीसमोर ठेवला. तिला उर्दू वाचता येतं, मराठी नाही. म्हणाली, वाचून दाखव. मी वाचलं. तिने बोटावर मोजल्यासारखं केलं.

"और बेटियां कहां हैं इसमें?"

मी म्हटलं, हे फक्त मीटरसाठी आहे, घराचं नाही. ती म्हणाली, "तो फिर लिखने कू क्या होता?"

उत्तर नव्हतं. खरं तर होतं, आणि ते मला माहीत होतं. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे ही गोष्ट वेगळीच. तो कागद फाडला. त्या मुलाने माझ्याकडे, शिकलेली माणसंच जास्त त्रास देतात, अशा नजरेने पाहिलं.

मग फोन. थोरली पुण्यात असते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाई, सही करती मैं. पन ये मीटर की सही है ना, घर की नहीं?" इतकी वर्षं ती काही बोलली नव्हती, आणि पहिल्याच वाक्यात तिने फरक पकडला. मी म्हटलं, मीटरचीच. कागदाचा फोटो पाठवतो, जावईबापूंनाही दाखव. धाकटी लातूरला. ती रडली. का, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

वारस म्हणून पाच नावांचं प्रतिज्ञापत्र झालं. नगरपालिकेत घरपट्टीलाही पाच नावं लावायचा अर्ज त्याच आठवड्यात दिला. भाऊ काही दिवस माझ्याशी तुटक बोलत होता. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. अम्मीचं दुखणंखुपणं तो काढतो, घराची डागडुजी त्याने केली. ते सगळं हिशेबात यायला हवं. पण हिशेब बसला तर येणार. वाटणी अजून झालेली नाही, नावं तेवढी लागली आहेत.

दरम्यान मशिदीच्या एका विश्वस्तांनी विचारलं, आपल्यालाही मिळेल का? नाही. हे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, मशीद किंवा मदरसा त्यात बसत नाही. सोलर बसवता येतो, पण स्वतःच्या पैशाने. ज्यांना कुणी 'करून देतो' म्हणून आगाऊ रक्कम मागत असेल त्यांनी सावध राहावं.

तीन किलोवॅटच्या सहा प्लेटा डिसेंबरात बसल्या. नेट मीटर लागला, तपासणी झाली, आणि काही दिवसांनी अम्मीच्या खात्यात ७८,००० रुपये जमा झाले. तिने तो मेसेज नातवाकडून तीनदा वाचून घेतला.

रमजानच्या आधी दोघी बहिणी चार दिवस माहेरी आल्या होत्या. संध्याकाळी सगळे वर गेलो. थोरलीने प्लेटा मोजल्या आणि हसत म्हणाली, "छे हैं. भाइयों की दो-दो, हमारी एक-एक. हिसाब तो बराबर है." मग पाण्याच्या टाकीपाशी गेली. चारनंतर टाकीची सावली कोपऱ्यातल्या प्लेटवर येते.

"ये छाववाली मेरी होगी," ती म्हणाली.

भाऊही हसला. प्लंबरला टाकी दुसऱ्या कोपऱ्यात हलवायला सांगितलं आहे. ईदनंतर येतो म्हणाला.