आधी पाय भिजवायचे

आमच्या मिरजेजवळ कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांची एक वसाहत आहे. औषधांनी त्यांच्या अंगातले जंतू केव्हाच मेले. पण त्या जंतूंनी निकामी केलेल्या नसा परत येत नाहीत. तळपायाला काही कळत नाही. काटा रुतला, चप्पल चावली, तरी माणूस चालतच राहतो. घाम येत नसल्यानं कातडी कोरडी पडते, भेगाळते आणि भेगेतली जखम हळूहळू हाडापर्यंत पोचते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही बायकांबरोबर मी दर शनिवारी तिथं जाते, ती या पायांसाठी.

काम शिकवलं ते एका निवृत्त सिस्टरबाईंनी. आम्ही प्रार्थना करून, फळांच्या पिशव्या घेऊन पोचलो होतो. त्या म्हणाल्या, “फळं ठेवा तिकडं. आधी टब भरा.” पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायचे. मऊ झालेला घट्टा वजरीनं हलक्या हातानं घासायचा, रक्त येता कामा नये. पाय ओलसर असतानाच खोबरेल चोळायचं, म्हणजे ओल आत टिकते. मग बोटांच्या बेचक्या पाहायच्या आणि तळवा चाचपायचा. जिथं कातडी शेजारच्यापेक्षा गरम लागते तिथं जखम व्हायच्या बेतात असते.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले तो योहानाचा तेरावा अध्याय मला लहानपणापासून पाठ होता. पाय हातात धरायचा कसा, हे मात्र मी इथं शिकले.

सिस्टरबाई डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल फार बोलायच्या. 1946 साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असंच तेव्हा लोक धरून चालत. ब्रँड यांनी दाखवून दिलं की वेदना कळत नाही म्हणून माणूस नकळत भाजतो, कापतो, आणि त्या दुखापतींतून बोटं जातात. काही रोग्यांच्या बोटांचे लचके रात्रीतून गेलेले दिसले तेव्हा पाळत ठेवली गेली; झोपेत उंदीर कुरतडत होते. मग रोग्यांना मांजरं दिली. ब्रँड यांनी हातांच्या मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या, पण त्यांची श्रद्धा मला त्या मांजरांत जास्त दिसते.

वसाहतीत एक आबा आहेत, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या तळव्याला रुपयाएवढी जखम होती. पट्टी करताना एकदा त्यांनी विचारलं, “बाई, याच्यापायी तुमच्या चर्चला यावं लागंल का?”

“नाही आबा. फक्त हा पाय टेकवू नका.”

“मग कशापायी करता एवढं?”

“माझ्या प्रभूनं सांगितलंय.”

“माझा बी सांगतोय, पंढरीला चालत ये म्हणून.”

इथंच सगळं अडलं. या जखमेवर मुख्य औषध म्हणजे विश्रांती, आणि न दुखणाऱ्या पायाला माणूस विश्रांती का देईल? किती वाद घातला, किती विनवण्या केल्या! शेवटी कुबड्या घेऊन, पाय उशीवर ठेवून जखम भरली, तोवर आषाढी तोंडावर आली. नव्या कातडीला वारी सोसणार नव्हती. तडजोड झाली ती अशी : मिरजेहून पंढरपूरपर्यंत रेल्वे, पायात मऊ एमसीआर रबराच्या, खिळा न मारता चिकटवलेल्या, टाचेमागं पट्टा असलेल्या चपला, आणि रांगेत अनवाणी उभं न राहता कळसाचं दर्शन. चपलांचे पैसे आम्ही मंडळीत गोळा केले.

तिथं एका भावानं विचारलं, वारीला पाठवायला आपण चपला का द्यायच्या? प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मीही सरळ उत्तर दिलं. चांगल्या शोमरोन्यानं जखमीला उतारशाळेत नेलं, पैसे भरले. बरा झाल्यावर तू कुठल्या देवळात जाणार, असं त्यानं विचारल्याचं लूकनं लिहिलेलं नाही. मी आबांना येशूबद्दल सांगितलं आहे, ते विचारतात तेव्हा पुन्हा सांगते. पण ते ऐकणं हा पट्टीचा मोबदला होऊ देणार नाही. त्यानं प्रभूचंच नाव खराब होईल, असं मला मनापासून वाटतं.

आबा परतले तेव्हा करंगळीपाशी एक फोड होता. पट्टा तिथं घासत होता, तो सैल करून घेतला. जखम उघडली नव्हती.

सध्या काळजी आहे ती दोन म्हाताऱ्यांच्या डोळ्यांची. चेहऱ्याच्या नसा गेल्यामुळं पापण्या मिटत नाहीत, बुबुळ कोरडं पडतं, कचरा गेलेला कळत नाही. रात्री डोळ्यांवर स्वच्छ फडकं बांधायला आम्ही त्यांच्या सुनांना शिकवलं आहे, पण तेवढ्यानं भागणार नाही. पापणीची शस्त्रक्रिया होते. एकीची तयारी आहे, दुसरी घाबरते. येत्या शनिवारी पायांचं काम लवकर आटपून तिच्यापाशी बसायचं आम्ही ठरवलं आहे.