ग्रिस्ट म्हणजे दळण, पण कुणाचं?

इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘ग्रिस्ट टू द मिल’ हा वाक्प्रचार अधूनमधून भेटतो. हाती येईल ते आपल्या कामी लावायचं, असा त्याचा अर्थ. पुढाऱ्याला विरोधकाची चूक, चॅनेलला भांडण, कादंबरीकाराला शेजाऱ्याचं दुःख, सगळं ग्रिस्टच. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईला या इंग्रजी शब्दाचं काय पडलंय, असं कुणी विचारेल. पण मला तो परका वाटत नाही. ग्रिस्ट म्हणजे आपलं दळण.

जुन्या इंग्रजीत ग्रिस्ट म्हणजे दळण्याची क्रिया. ‘ग्राइंड’चाच तो भाऊबंद. पुढे दळायला नेलेल्या धान्यालाही तेच नाव पडलं. आपल्याकडेही ‘दळण चाललंय’ म्हणतो तेव्हा काम असतं, आणि ‘दळण टाकून ये’ म्हणतो तेव्हा गव्हाचा डबा. (बिअरच्या कारखान्यांत भरडलेल्या माल्टला आजही ग्रिस्ट म्हणतात. आपल्याला तिकडे जायचं कारण नाही.)

हा शब्द इंग्लंडमधल्या पवनचक्कीपेक्षा जुना. १०८६ साली विल्यम राजाने देशाची मोजदाद करून घेतली, तेव्हा हजारो चक्क्या नोंदल्या गेल्या, त्या पाण्यावरच्या. पवनचक्क्या दिसू लागल्या त्या बाराव्या शतकाच्या अखेरीस, आणि आल्या आल्या तंटा सुरू झाला. कारण अनेक ठिकाणी रयतेने जमीनदाराच्याच चक्कीवर दळायचं आणि धान्यातला वाटा तिथे ठेवायचा, असा दंडक होता. ओढ्यावर हक्क सांगता येतो. वाऱ्यावर कसा सांगणार?

११९१ साली बरी सेंट एडमंड्स इथे हर्बर्ट नावाच्या धर्माधिकाऱ्याने स्वतःची पवनचक्की उभारली. मठाधिपती सॅमसन भडकला. वारा सगळ्यांचाच आहे आणि मी फक्त माझंच धान्य दळणार आहे, असा हर्बर्टचा बचाव होता. सॅमसनला तो पटला नाही. आज स्वतःचं दळशील, उद्या गावातले लोक तुझ्याकडे रांग लावतील, ही त्याची भीती. चक्की पाडायचा हुकूम सुटला. मठाची माणसं पोहोचायच्या आत हर्बर्टने ती स्वतःच उतरवून टाकली. त्याच मठातल्या जोसलिन नावाच्या साधूने हे सगळं लिहून ठेवलंय. साधू मठाधिपतीचा माणूस, तरी हर्बर्टचं म्हणणं त्याने गाळलं नाही, याचं मला कौतुक वाटतं.

सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत हा वाक्प्रचार सापडतो तेव्हा शब्दाने बाजू बदललेली दिसते. डोक्यावर पोतं घेऊन आलेला शेतकरी त्यात नाहीच. बोलतेय ती चक्की. काहीही आणा, मला चालतं.

पवनचक्कीचं मूळ घर मात्र पूर्वेला, इराणच्या सीस्तान-खुरासान भागात. तिथल्या नश्तिफान गावात मातीच्या भिंतींतल्या उभ्या आसाच्या चक्क्या अजून पाहायला मिळतात. फारसीत ‘आस’ म्हणजे चक्की. पाण्यावरची ती आसियाब, वाऱ्यावरची ती आसबाद. आणि चक्कीचा लाक्षणिक वापर आपल्या इतिहासात फार लवकर येतो, तोही अंगावर काटा आणणारा. तबरीने नोंदवलेल्या हकीकतीत हजरत उमर (र.) अबू लुलू या इराणी कारागिराला विचारतात, तू वाऱ्यावरची चक्की करू शकतोस म्हणे? तो सांगतो, तुमच्यासाठी अशी चक्की बनवीन की पूर्व-पश्चिमेचे लोक तिच्याविषयी बोलत राहतील. ही धमकी आहे हे हजरत उमर यांनी ओळखलं. थोड्याच दिवसांत, ६४४ साली, त्यानेच त्यांच्यावर खंजीर चालवला.

दख्खनेत चक्की बाईच्या हातात आली आणि भाषाही तिची झाली. मराठी बाया जात्यावर ओव्या म्हणत होत्या, तसे विजापूरकडच्या सूफींच्या परंपरेत दखनी चक्कीनामे तयार झाले. दळता दळता बायांनी अल्लाहचं नाव घ्यावं म्हणून ती गाणी. तिथे दळणारीला आवाज आहे. खुंटा तिच्या मुठीत, घास किती घालायचा ते तीच ठरवणार.

इंग्रजीत आता ‘रूमर मिल’ही आहे, अफवांची चक्की. ती चालते कशी, हे मी स्टाफरूममध्ये बघते. दूरच्या कुठल्या गावात दोन पोरांची मारामारी होते, त्यातल्या एकाचं नाव आपल्यातलं निघतं. संध्याकाळपर्यंत चॅनेलवर चर्चेचं दळण, सकाळी मोबाइलवर पीठ. मग डबा उघडता उघडता कुणीतरी सहज विचारतं, “मॅडम, तुमच्या लोकांचं यावर काय म्हणणं?” विचारणारी वाईट नसते. रोज माझ्याच डब्यातली खिचडी खाते. तिच्या हातात पीठ आलेलं असतं, गहू कुठला होता हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आमच्याही ग्रुपवर अशीच पिठं येतात, फक्त चक्की दुसरी.

परवा दहावीच्या एका मुलीने मला या वाक्प्रचाराचं मराठी विचारलं. मी ‘आयतं दळण’ असं सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “पण मॅडम, दळणावळ कोण देतं?”