ताळेबंदात न बसणारी दोन वर्षे

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत वर्ध्याच्या आमच्या घरी वहीपूजन आटोपले आणि धाकट्या भावाने मला बाजूला घेतले. "दादा, तू बँकेतला माणूस. पोरीला जरा हिशेब समजावून सांग." माझी पुतणी तेव्हा यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. पुण्याच्या एका कारखान्यात वर्षाला साडेचार लाखांची नोकरी तिला मिळत होती. ती सोडून नागपूरला दोन वर्षांचे एम.टेक. करावे, असे तिच्या मनात होते. भावाची डाळमिल आहे. त्याच्या मते शिक्षण पुरे झाले होते. आता कमवावे, नाही तर मिलमध्ये बसावे.

मी कागद घेतला. दोन वर्षांचा बुडणारा पगार नऊ लाख. 'गेट' परीक्षेतून प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. चोवीस महिन्यांचे २,९७,६०० झाले. तूट सहा लाखांची. शुल्क आणि खानावळ वेगळी. "हे सहा लाख कधी वसूल होणार?" मी विचारले. तिने कागद वाचला आणि शांतपणे म्हणाली, "मोठे बाबा, तुम्ही नोकरीत असताना एम.कॉम. केलंत. त्याचे किती वसूल झाले?"

उत्तर देता येईना. त्या पदवीने माझा पगार वाढला नाही. मात्र कर्जदाराचा ताळेबंद समोर आला की आकड्यांच्या मागचा व्यवहार दिसू लागला, तो त्या अभ्यासामुळेच. हे मी कधी कोणत्या रकान्यात मांडलेच नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी होती. अठरा वर्षांपूर्वी असाच कागद मी माझ्या मुलासाठी तयार केला होता. त्यालाही एम.टेक. करायचे होते. माझा हिशेब बिनचूक होता. त्याने तो मानला आणि नोकरी धरली. आज त्याचे उत्तम चालले आहे. पण एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "बाबा, मी यंत्रे विकतो. बनवायची राहूनच गेली." त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुतणीला मगन संग्रहालयात घेऊन गेलो. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेले हे संग्रहालय आपण वर्धेकर पाहुण्यांना दाखवतो, स्वतः क्वचितच पाहतो. तेथील चरखे पाहताना मला १९२९ सालची स्पर्धा आठवली. चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी अशा : किंमत दीडशे रुपयांच्या आत, हाताने किंवा पायाने चालणारा, आठ तासांत सोळा हजार फूट सूत देणारा, चालवणारी बाई थकू नये असा आणि वीस वर्षे टिकणारा. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे तमिळनाडूच्या एकांबरनाथ यांनी खपून जो चरखा घडवला, तो अंबर चरखा म्हणून देशभर गेला.

मी हे सांगितले तेव्हा पुतणी म्हणाली, "ही यादी म्हणजेच एम.टेक.चा प्रबंध, मोठे बाबा. चार वर्षांच्या पदवीत ठरलेली गणिते सोडवतो. येथे अटी समोर असतात आणि उत्तर कोणालाच ठाऊक नसते."

"मग तुझा प्रश्न कोणता?" मी विचारले.

"बाबांची गच्ची," ती म्हणाली.

तूर डाळमिलमध्ये आली की तिला रोलरवर चरे पाडतात, तेल-पाणी लावतात आणि कित्येक दिवस उन्हात वाळवतात. वाळवण सारखे झाले नाही तर टरफल सुटत नाही आणि डाळीचा तुकडा पडतो. तुकड्याला भाव नाही. अवकाळी पाऊस आला तर सगळेच मुसळ केरात. कमी खर्चात, सारख्या उष्णतेने तूर कशी वाळवावी, हा उष्णता-अभियांत्रिकीचा प्रश्न तिने लहानपणापासून गच्चीवर पाहिला होता. मी मात्र इतकी वर्षे त्याच गच्चीवर फक्त माल पाहिला.

समाजातील पालकांना माझे सांगणे एवढेच. नोकरी मिळाली नाही म्हणून दोन वर्षे ढकलण्यासाठी एम.टेक. करणे म्हणजे थकलेल्या कर्जाला मुदतवाढ देणे होय. असे अर्ज मी बँकेत पुष्कळ पाहिले. मुलाला किंवा मुलीला एकच विचारा : तुझा प्रश्न कोणता? उत्तर आले, तर प्रयोगशाळा कशी आहे आणि मार्गदर्शक कोण आहेत, ते स्वतः जाऊन पाहा. गेटचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात, घाई नको. पैशांसाठी अडू नका. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते आणि जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर सवलत मिळते.

व्यापार आणि यंत्र यांचे आपल्याकडे वैर नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना उभारला. १९४७ मध्ये सांगलीत सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. तेथे आज यांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

भावाला मी माझा कागद परत दिला नाही. मुलाचे ते वाक्य तेवढे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "जाऊ दे तिला."

आता तिचे दुसरे वर्ष चालू आहे. शनिवारी नागपूरहून गाडीने येते आणि गच्चीवर तापमापक लावून बसते. पहिली दोन वाळवणयंत्रे फसली. पहिल्यात तूर करपली, दुसऱ्यात आत ओलीच राहिली. भाऊ चिडेल असे वाटले होते. परवा पाहिले तर तो स्वतः वही घेऊन तासातासाचे तापमान लिहीत होता. पन्नास वर्षे रोकड लिहिणारा तो हात. अक्षर तेच वळणदार, फक्त आकड्यांपुढे रुपये नव्हते.