साचले तर, साचले असते तर

पनवेलमध्ये मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाला संकेतार्थी, म्हणजे जर-तरच्या, वाक्यांत जी चूक वर्षानुवर्षे तपासावी लागते, ती निष्काळजीपणातून नव्हे, तर बहुधा मराठीच्या चोख जाणिवेतूनच उपजलेली असते. ‘कुर्ल्याला रुळांवर पाणी साचले तर पनवेलची लोकल उशिरा येईल’ हे वाक्य इंग्रजीत नेताना मुलगा ‘साचले’साठी भूतकाळी रूप योजतो आणि पुढे ‘विल’ लिहितो. त्याखाली लाल रेघ पडते. पण पाणी अजून साचलेले नसतानाही मराठी तिथे एरवी भूतकाळ दाखवणारे रूपच वापरते, ज्याला मो. के. दामल्यांच्या 1911 सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’च्या परिभाषेत लाख्यात म्हणतात. इंग्रजी अशा शक्य अटीला वर्तमानकाळ देते आणि भूतकाळी रूप दुरापास्त किंवा निव्वळ कल्पिलेल्या अटीसाठी राखून ठेवते.

‘पाणी साचले नसते तर लोकल वेळेवर आली असती’ यात तर मराठी दोन्ही अंगांना ‘असणे’चेच रूप जोडते, म्हणून मुलगाही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहून मोकळा होतो, आणि अटीच्या अंगात ‘हॅड’ का हवे हे त्याला पटत नाही. बोलताना मराठी ‘जर’ सहज गाळते पण ‘तर’ सोडत नाही; इंग्रजीत नेमके उलटे, ‘इफ’ सहसा टिकते आणि ‘देन’ गळते. (‘विनातिकीट आढळल्यास’ असे लिहिणारी सरकारी मराठी दोघांनाही रजा देते, हे वेगळेच.)

पाठ्यपुस्तके या वाक्यांना शून्य ते तीन असे क्रमांक देतात. ते परीक्षेपुरते ठीक, पण पाणी साचण्याजोगे आहे की साचून ओसरले आहे, हा प्रश्न आधी विचारला तर क्रियापदाचे रूप पुष्कळदा आपोआप सुचते. ‘इफ आय वेअर’मधल्या ‘वेअर’पाशी मात्र मुले अडतातच. तिथे फळ्यावर ‘मी घरी असतो’ आणि ‘मी घरी असतो तर’ ही वाक्ये शेजारी मांडावीत, कारण रोजचे असणे आणि कल्पिलेले असणे प्रथमपुरुषात एकाच रूपाने दाखवले जाते. मग ‘मी’च्या जागी ‘तो’ घालायला सांगितले की मुले न शिकवताच पहिल्या वाक्यात ‘असतो’ ठेवतात आणि दुसऱ्यात ‘असता’ करतात.